उजवीकडचे ठिपके

बांबोळीच्या टेकडीवर, तळमजल्यातल्या खोलीत
मी दुपारभर ठिपके मोजते.
डाव्या हातात टिकटिक मोजणी,
जत्रेच्या दारात माणसं मोजायला असते तसली.
उजवा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर.
एक ठिपका, एक टिक.

मज्जारज्जूचा काप, चाळीस मायक्रॉन,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
आत राखाडी फुलपाखरू, पंख पसरून निजलेलं.
उजव्या पंखाच्या वरच्या कडेला
सांडलेल्या नाचणीसारखे तपकिरी ठिपके.
डावा पंख कोरा.
टोचलं होतं उजव्या पावलाला.
डाव्याला कुणी काही कळवलंच नाही.

सी-फॉस हे त्या प्रथिनाचं नाव.
पेशी खडबडून उठली की तासा-दोन तासांत
तिच्या केंद्रकात साचतं, मग ओसरून जातं.
म्हणून आम्ही दोन तास थांबतो.
ना आधी, ना नंतर.
त्या दोन तासांना प्रबंधात
एक ओळ मिळते.

पिंजरे सान्तान फुर्तादकडे.
पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं,
"बाय, तांकां नांवां दिवं नाका."
आणि सतराव्या पिंजऱ्यात दाणे घालताना
स्वतःच काहीतरी हाक मारायचा, हळू.
मी ऐकली नाही.
म्हणजे ऐकायची नाही असं ठरवलं होतं.

तिरफळं खोतीगावची.
सत्यवती वेळीपनं काटेरी झाडाखाली फडकं पसरलं,
आकडीनं फांदी ओढली,
आणि एक हिरवं फळ माझ्या तळहातावर ठेवलं.
"चाबून पळय. मागीर म्हाका सांग."
जिभेवर वीज गुणगुणायला लागली.
करमळ घाट उतरेपर्यंत ओठ माझे नव्हते.

बी टाकायची, साल ठेवायची,
बांगड्याच्या उडदमेथीला करतात तसंच.
पुढचं मात्र स्वयंपाकघरातलं नाही:
अर्क, गाळणी, स्तंभ, एकेक अंश वेगळा.
चौथा अंश उतरला त्या सकाळी
अख्ख्या मजल्याला अकरा वाजताच भूक लागली.

केंकरे मॅडमनी माझ्या मसुद्यात
तीनदा एकच शब्द खोडला.
"ठिपका म्हणजे वेदना नव्हे गं.
पेशी जागी होती, एवढंच.
उंदराला काय वाटलं, ते काच सांगत नाही."
मी 'वेदना' काढून 'प्रतिसाद' लिहिलं.
वाक्य लांबलं. वाचताना कुठे टोचेना.

मोजताना कुठली काच कुणाची ते माहीत नसतं,
फक्त अक्षरं.
शुक्रवारी लिफाफा फोडला.
क, नुसतं मिठाचं पाणी: सरासरी एकशे बारा.
ख, तिसरा अंश: एकशे सहा.
ग, चौथा: एक्केचाळीस.
कुणीतरी टाळी वाजवली, कॅन्टीनमधून भजी आली.

ग-सतरा मात्र अठ्ठ्याण्णव.
मी पुन्हा मोजले. शंभर.
डोळे धुऊन पुन्हा. सत्त्याण्णव.
मात्रा तीच, सुई तीच, तेच दोन तास.
सान्तानला सांगितलं तर तो
बादली खाली ठेवत म्हणाला,
"तो सदांच जागो आसतालो."

त्याला वगळायला नियमात कारण नव्हतं.
तो सरासरीत विरघळला.
आलेखातल्या बुटक्या खांबावरची चूक-रेषा
थोडी लांब झाली,
एका मिशीएवढी.

डिसेंबरात खोतीगावला गेले, सांगायला.
सत्यवतीचा गाल सुजलेला,
दाढेखाली तिरफळ धरलेलं.
किती कमी झालं, मी विचारलं.
अर्धं? पाव?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
तापलेल्या तव्यावर बोट ठेवू का असं विचारणाऱ्या
पोराकडे पाहावं तसं.
"काल रातीं न्हिदलें," म्हणाली.

वहीत तसा रकाना नाही.
मी आणखी पाव किलो मागितली.
तिनं बिया आधीच काढून ठेवल्या होत्या.
एका हातानं गाल धरून
दुसऱ्या हातानं तिनं पैसे मोजून घेतले,
दोनदा.